मनुष्य-महिन्याचे मिथक आणि कोडिंग एजंट : फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या ग्रंथाचे पुनर्वाचन

प्रस्तावना

सॉफ्टवेअर-निर्मितीच्या व्यवस्थापनावर आजवर विपुल लेखन झाले असले तरी फ्रेडरिक ब्रूक्स यांच्या 'द मिथिकल मॅन-मन्थ' या 1975 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहाइतके दीर्घायुष्य फार थोड्या ग्रंथांना लाभले आहे. संगणकशास्त्रात पाच वर्षांपूर्वीचे पाठ्यपुस्तक जुने ठरते. हा ग्रंथ मात्र पन्नाशी ओलांडूनही उद्धृत केला जातो. 1995 साली त्याची विस्तारित आवृत्ती निघाली आणि तीत लेखकाच्या 1986 सालच्या 'नो सिल्व्हर बुलेट' या गाजलेल्या निबंधाचा समावेश झाला. ब्रूक्स यांना 1999 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. 17 नोव्हेंबर 2022 रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 30 नोव्हेंबर रोजी, चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. पुढे जे घडले त्यावर त्यांचे भाष्य उपलब्ध असते तर ते मोलाचे ठरले असते.

पुढे घडले ते असे की, केवळ पुढची ओळ सुचविणाऱ्या साधनांच्या जागी 'एजंट' म्हणून ओळखली जाणारी साधने आली. साध्या भाषेत सूचना घेऊन स्वतः फाइली उघडणे, कोड लिहिणे, तो चालवून पाहणे, चाचणी फसल्यास दुरुस्ती करणे आणि पूर्ण झालेला बदल माणसापुढे मंजुरीसाठी ठेवणे ही सर्व कामे ती करतात. 2025 पासून अशी साधने व्यावसायिक कामात मोठ्या प्रमाणावर वापरली जाऊ लागली. त्याबरोबरच, ब्रूक्स यांचा सिद्धान्त आता मोडीत निघाला, असे मत टीम लीड आणि प्रकल्प व्यवस्थापकांच्या वर्तुळात मांडले जाऊ लागले. हे मत ग्रंथाच्या एका वाक्याच्या वाचनातून बनले आहे. उर्वरित ग्रंथ वाचला असता वेगळे चित्र दिसते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र ब्रूक्स यांचे सर्वच म्हणणे आज जसेच्या तसे टिकते, असाही दावा येथे नाही.

सिद्धान्त आणि त्याचे तथाकथित खंडन

ब्रूक्स हे आयबीएमच्या सिस्टीम/360 या संगणकमालिकेशी आणि तिच्या ओएस/360 या कार्यप्रणालीशी संबंधित होते. त्यांच्याच अंदाजानुसार 1963 ते 1966 या काळात या कार्यप्रणालीवर सुमारे 5000 मनुष्य-वर्षे खर्च झाली आणि ऐन भरात एक हजाराहून अधिक माणसे तिच्यावर काम करीत होती. तरीही ती उशिरा पूर्ण झाली. या अनुभवातून त्यांनी काढलेला निष्कर्ष सुपरिचित आहे : रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसे घातल्यास तो अधिकच रखडतो. याची कारणे दोन. नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो, हे पहिले. दुसरे कारण परस्परसंवादाचे. दहा माणसांत संवादाच्या 45 जोड्या होतात, वीस माणसांत 190. माणसे दुप्पट झाली की गुंता चौपटीहून अधिक होतो.

एजंटांच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद या दोन्ही कारणांवर घाव घालतो. एजंटाला रुजू होण्यास आठवडे लागत नाहीत. तो संपूर्ण कोड काही मिनिटांत वाचतो. पाच एजंट एकमेकांशी चहाच्या टपरीवर गप्पा मारीत नाहीत, त्यामुळे जोड्यांचे गणितही लागू होत नाही. तेव्हा रखडलेल्या प्रकल्पात एजंट घाला, तो मार्गी लागेल, असे हे तर्कशास्त्र.

वरवर पाहता युक्तिवाद बिनतोड वाटतो. परंतु संवादाच्या रेषा त्यामुळे नाहीशा होत नाहीत, त्या सर्व एका बिंदूवर येऊन मिळतात. पाच एजंटांनी दिवसभरात मांडलेले वीस बदल कोणीतरी वाचावयाचे असतात, आणि ते वाचणारा बहुधा संघातील सर्वांत अनुभवी माणूस असतो. पूर्वी सहकाऱ्याचा कोड तपासताना, हे असे का केले, असे विचारता येई. मिळणाऱ्या उत्तरामागे त्या सहकाऱ्याने दोन दिवस घातलेले डोके असे, आणि उद्या तो कोड कोसळला तर रात्री फोन घेणाराही तोच असे. एजंटही 'का' या प्रश्नाला उत्तर देतो, किंबहुना माणसापेक्षा अधिक सफाईने देतो. परंतु ते उत्तर विचारल्यानंतर रचलेले असते. निर्णयाच्या क्षणी तेच कारण होते, याचा तो पुरावा नव्हे.

या संदर्भात 'मेटर' या संशोधन संस्थेने जुलै 2025 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांवर दीर्घकाळ काम केलेल्या 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच प्रकल्पातील 246 कामे देण्यात आली. काही कामांत कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्यास मुभा होती, काहींत नव्हती. आपला वेळ 24 टक्क्यांनी वाचेल, अशी त्यांची आरंभीची अपेक्षा होती. काम संपल्यावरही 20 टक्के वेळ वाचल्याचे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात साधनांसह केलेल्या कामांना 19 टक्के अधिक वेळ लागला होता. हा प्रयोग 2025 च्या आरंभीच्या साधनांवरचा आहे आणि साधने झपाट्याने बदलत आहेत, त्यामुळे 19 टक्क्यांचा आकडा आज जसाच्या तसा लागू करणे अयोग्य ठरेल. संघप्रमुखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो अनुभव आणि घड्याळ यांतील फरक. 'काम पटापट होतेय' हे संघाचे म्हणणे प्रामाणिक असूनही चुकीचे असू शकते.

गूगलमधील 'डोरा' या अभ्यासगटाचे अहवाल याच दिशेने जातात. 2024 च्या अहवालात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर वाढण्याबरोबर सॉफ्टवेअर वितरणाचा वेग आणि स्थैर्य दोन्ही घटल्याचे आढळले. 2025 च्या अहवालात वेगाबाबतचे चित्र पालटले, स्थैर्याबाबतचे मात्र पालटले नाही. वेगाचा तोटा एका वर्षात भरून निघाला आणि अस्थैर्य तसेच राहिले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

एक षष्ठांशाचा प्रश्न

ब्रूक्स यांच्या ग्रंथातील एक अंश मात्र क्वचितच उद्धृत केला जातो. प्रकल्पाच्या वेळापत्रकाची त्यांची अनुभवसिद्ध विभागणी अशी : एक तृतीयांश वेळ नियोजनाला, एक षष्ठांश कोड लिहिण्याला, एक चतुर्थांश सुट्या भागांच्या व आरंभीच्या चाचणीला आणि उरलेला एक चतुर्थांश सर्व भाग एकत्र आल्यानंतरच्या चाचणीला. म्हणजे कोडलेखनाचा वेळ शून्यावर आणला तरी सहापैकी पाच भाग शिल्लक राहतात. 1986 च्या निबंधात हाच मुद्दा त्यांनी तात्त्विक पातळीवर नेला. सॉफ्टवेअरमधील अडचणींचे त्यांनी दोन प्रकार मानले : विषयाच्या अंगभूत गुंतागुंतीतून येणाऱ्या मूलभूत अडचणी आणि साधनांच्या उणिवांतून येणाऱ्या आनुषंगिक अडचणी. एकूण श्रमांच्या नऊ दशांशाहून अधिक भाग आनुषंगिक असल्याशिवाय, ते सर्व श्रम नाहीसे करूनही उत्पादकता दसपट होणार नाही, असे त्यांचे गणित होते.

येथे ब्रूक्स यांची चिकित्सा करणे आवश्यक आहे. त्याच निबंधात त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्ता आणि स्वयंचलित प्रोग्रामनिर्मिती या दोन्ही आशांचा परामर्श घेतला आणि डेव्हिड पार्नास यांच्या मताचा आधार घेऊन त्या बाजूला सारल्या. स्वयंचलित प्रोग्रामनिर्मिती म्हणजे प्रत्यक्षात वरच्या पातळीच्या भाषेत केलेले प्रोग्रामिंगच होय, असा त्या मताचा आशय. 1986 साली ते अचूक होते. आजच्या एजंटांना ते पुरेसे लागू पडत नाही, कारण एजंटाला दिलेली सूचना कोणत्याही निश्चित अर्थाच्या भाषेत नसते. अर्धवट, संदिग्ध, प्रसंगी चुकीच्या मराठी-इंग्रजी मिश्रणात दिलेल्या सूचनेतूनही चालणारा कोड निर्माण होतो. ही शक्यता ब्रूक्स आणि पार्नास या दोघांच्याही हिशेबात नव्हती. नियोजन आणि चाचणी या भागांतही एजंट शिरले आहेत, हेही मान्य करावयास हवे. आनुषंगिक अडचणींचा मोठा हिस्सा आज खरोखरच वितळला आहे.

तथापि, पार्नास यांचे मत जेथे लागू पडत नाही तेथेच संघप्रमुखाची खरी अडचण सुरू होते. पुण्याच्या संदर्भात हे अधिक स्पष्ट करता येईल. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने 1981 साली पुण्यात स्थापन केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात आराखड्यापासून कोड निर्माण करणाऱ्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले. 'मास्टरक्राफ्ट' हे त्यांतील ठळक नाव. स्वयंचलित कोडनिर्मिती ही कल्पना त्यामुळे येथील उद्योगाला नवी नाही. फरक असा की, त्या पद्धतीत आराखड्याला निश्चित अर्थ असे. एकच आराखडा दहा वेळा दिला तरी कोड तोच निघे. म्हणून प्रमुखाने आराखडा तपासला की निर्माण झालेल्या कोडची ओळ न् ओळ वाचण्याची गरज उरत नसे. एजंटाच्या बाबतीत ही सोय नाही. एकाच सूचनेतून आज एक आणि उद्या दुसरा कोड निघू शकतो. सूचना तपासून कोडची हमी मिळत नाही, आणि कोड तपासावयाचा तर तो माणसाच्या वाचनवेगाच्या कैकपट प्रमाणात येत राहतो. मास्टरक्राफ्टच्या काळातील प्रमुख आणि आजचा प्रमुख यांच्या कामात हे जे अंतर पडले आहे, त्याची पुरेशी नोंद व्यवस्थापनशास्त्राने घेतलेली नाही.

सूचनेवरच्या भरवशाचे एक टोकाचे उदाहरण जुलै 2025 मध्ये जगापुढे आले. रेप्लिट या सेवेवरील एजंटाने, बदल करू नयेत असे स्पष्ट सांगितलेले असतानाही, एका वापरकर्त्याचा प्रत्यक्ष वापरातील डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि विकसनाचा व प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. येथे उपाय ठरला तो अधिकारांच्या मर्यादेचा. अधिक कडक शब्दांतील सूचनेचा नव्हे.

दहा माणसे आणि दीडशे माणसे

ग्रंथातील सर्वांत प्रामाणिक पाने कोणती, असे विचारल्यास रचनेच्या एकसूत्रतेविषयीच्या निबंधातील एका कबुलीकडे बोट दाखवावे लागेल. ओएस/360 चा तपशीलवार आराखडा लिहिण्याचे काम कोणाकडे द्यावे, असा पेच होता. रचनाकारांच्या प्रमुखाकडे दहा उत्तम माणसे होती, पण त्यांना वेळापत्रकापेक्षा तीन महिने अधिक हवे होते. दुसऱ्या प्रमुखाकडे दीडशे माणसे होती. काम वेळेत करण्याची त्याची तयारी होती, आणि ते न मिळाल्यास ही दीडशे माणसे हात बांधून बसणार होती. ब्रूक्स यांनी काम दीडशे जणांना दिले. आराखडा वेळेतही आला नाही आणि चांगलाही झाला नाही. एकसूत्रतेच्या अभावामुळे पुढे दोष काढण्यात सुमारे वर्षभराची भर पडली, असा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे.

आजच्या संघात दीडशेंची ती जागा एजंटांनी घेतली आहे. वर्गणी भरलेली आहे, वरिष्ठांनी वापराचे प्रमाण विचारले आहे. मग एजंट रिकामे का ठेवावयाचे? आराखड्यावर दोन आठवडे विचार करू इच्छिणारा संघप्रमुख अशा वातावरणात दिरंगाई करणारा ठरतो. हा दबाव तंत्रज्ञानाने निर्माण केलेला नाही, 1960 च्या दशकातही तो असाच होता. फक्त माणसे बसून राहिली की ती डोळ्यांना दिसत. एजंट बसून राहिल्याचे आता डॅशबोर्डवर दिसते.

आराखडा का महत्त्वाचा, याचे सखोल उत्तर ब्रूक्सपेक्षा डॅनिश शास्त्रज्ञ पीटर नाउर यांच्या 1985 च्या 'प्रोग्रामिंग अॅज थिअरी बिल्डिंग' या लेखात मिळते. प्रोग्राम म्हणजे लिहिलेला मजकूर नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या मनात तयार झालेली उपपत्ती होय, असे नाउर मानतात. त्यांनी दिलेला दाखला आजही विचारात घेण्याजोगा आहे. एका गटाने एक उत्तम कंपायलर तयार केला. दुसऱ्या गटाला तो मूळ भाषेच्या थोड्या विस्तारित रूपासाठी वाढवावयाचा होता. दुसऱ्या गटाकडे संपूर्ण कोड होता, सविस्तर दस्तऐवज होते, मूळ गटाचा सल्लाही होता. तरीही त्याने सुचविलेले बदल मूळ रचनेची ताकदच नष्ट करणारे होते. मूळ गटाला ते पाहताक्षणी कळत असे. काही वर्षांनी, मूळ गटाचा संबंध सुटल्यावर, तो कंपायलर ठिगळांनी भरून गेला.

एजंट हा नाउर यांचा दुसरा गट आहे. त्याला मजकूर सर्व उपलब्ध असतो आणि तो दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी वेगाने वाचतो. ठिगळ लावण्यातही तो अधिक कुशल आहे, चाचण्या उत्तीर्ण करून देतो. परंतु एके काळी अमुक पर्याय का नाकारला, ग्राहकाच्या कोणत्या विचित्र सवयीसाठी अमुक अट घातली, हे जर कोठेच लिहिलेले नसेल तर ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रश्न एवढाच राहतो की पहिला गट अद्याप अस्तित्वात आहे काय.

को-पायलटची रिकामी जागा

हा प्रश्न ग्रंथातील 'शल्यचिकित्सक संघ' या कल्पनेकडे घेऊन जातो. हार्लन मिल्स यांच्या प्रस्तावावर आधारलेल्या या रचनेत दहा माणसे असतात. मुख्य शल्यचिकित्सक आज्ञावली स्वतः रचतो आणि लिहितो. इतर जण त्याला साहाय्य करतात. त्यांत प्रशासक, संपादक, दोन सचिव, नोंदी सांभाळणारा लिपिक, अवजारे बनविणारा, चाचणी घेणारा आणि भाषातज्ज्ञ असतात. यांपैकी बहुतेकांची कामे आज एजंट करू शकतात. एका अर्थी ब्रूक्स यांच्या या संघाला, जो प्रत्यक्षात फारसा कोठे रुजला नाही, आताच खरे सभासद मिळाले आहेत, असे म्हणता येईल.

राहिला दहावा, को-पायलट. ब्रूक्स यांच्या रचनेत त्याचे स्थान विलक्षण आहे. तो अनुभवाने कमी, पण शल्यचिकित्सकाचे कोणतेही काम करू शकणारा. शल्यचिकित्सक आपले विचार त्याच्यापुढे मांडून पारखून घेतो. सल्ला मानण्याचे बंधन मात्र नाही. त्याला संपूर्ण कोड बारकाईने ठाऊक असतो, आणि उद्या शल्यचिकित्सकावर काही प्रसंग ओढवला तर काम थांबू नये, याची तो तजवीज असतो. 2021 साली गिटहबने आपल्या कोड सुचविणाऱ्या साधनाला 'कोपायलट' हेच नाव दिले. नाव वैमानिकांच्या जगातले आहे, ब्रूक्स यांच्याकडून घेतले असे म्हणण्यास आधार नाही; परंतु तुलना टाळता येत नाही. विचार पारखून घेण्यापुरते यंत्र उपयोगी पडते. विम्याचे काम ते करीत नाही. शल्यचिकित्सक नोकरी सोडून गेला तर यंत्र त्याच्या जागी उभे राहून ग्राहकाला उत्तर देत नाही.

लिझन बेनब्रिज यांनी 1983 साली 'आयर्नीज ऑफ ऑटोमेशन' या निबंधात स्वयंचलनाची एक विसंगती दाखविली होती. सोपे काम यंत्राकडे जाते आणि माणसाकडे उरते ते देखरेखीचे व आणीबाणीचे काम. त्यासाठी लागणारे कौशल्य मात्र सोपे काम रोज करूनच अंगी मुरलेले असते. त्यांचे विवेचन कारखान्यातील नियंत्रणकक्षाविषयी होते. सॉफ्टवेअर संघाला ते आज शब्दशः लागू होते, आणि महाराष्ट्रातील महाविद्यालयांना त्याची झळ थेट पोहोचते.

येथील सॉफ्टवेअर सेवा उद्योगाने ब्रूक्स ज्याला मिथक म्हणाले त्या मनुष्य-महिन्याचीच दीर्घकाळ विक्री केली. अनेक करारांत ग्राहकाला बिल लावले जाते ते माणसे आणि तास मोजून. त्याला अनुरूप अशी पिरॅमिडची रचना उभी राहिली : तळाशी महाविद्यालयांतून थेट भरती झालेले फ्रेशर मोठ्या संख्येने, माथ्यावर थोडे अनुभवी. हिंजवडीच्या कचेऱ्यांत या फ्रेशरांच्या वाट्याला किरकोळ दोषदुरुस्ती, चाचणीचा कोड, जुन्या मॉड्यूलमधील लहानसहान बदल येत. कंटाळवाणे काम म्हणून त्याची थट्टा झाली, आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. पण दुसऱ्याचा दहा वर्षांपूर्वीचा कोड वाचताना, रिव्ह्यूमध्ये सर्वांसमोर चूक निघताना, नाउर यांना अभिप्रेत असलेली उपपत्ती एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात उतरत असे. आज एजंट सर्वांत सहज करतो ते नेमके हेच काम. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 2 टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले तेव्हा रोख मधल्या व वरच्या फळीवर होता आणि कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे कारण नसल्याचे कंपनीने सांगितले. ते जसेच्या तसे स्वीकारले, तरी पिरॅमिडचा तळ आणि माथा यांना जोडणारी माणसे कोठून येणार, हा प्रश्न उरतोच.

ब्रूक्स यांनी याचे उत्तर 1986 च्या निबंधाच्या अखेरीस दिले आहे, आणि तो भाग सर्वांत कमी वाचला गेला आहे. उत्तम रचनाकार सापडत नसतात, ते घडवावे लागतात, हे त्यामागील गृहीत. होतकरू माणसे लवकर हेरावीत, ती अनुभवी असतीलच असे नाही. प्रत्येकाच्या घडणीची जबाबदारी एका मार्गदर्शकावर सोपवावी. ज्येष्ठ रचनाकाराच्या हाताखाली उमेदवारीचा काळ योजावा. आणि अशा तरुणांना परस्परांशी चर्चेची संधी द्यावी, अशा त्यांच्या सूचना आहेत. कंपन्या व्यवस्थापक घडविण्यावर जो खर्च करतात तेवढा रचनाकार घडविण्यावर करीत नाहीत, ही त्यांची तक्रारही तेथेच आहे.

या सूचना अमलात आणणारा टीम लीड आज काय करील? तो काही कामे मुद्दाम एजंटाला देणार नाही. चार तासांचे काम फ्रेशरला तीन दिवस करू देईल, एजंटाने मांडलेला बदल प्रथम त्या फ्रेशरकडून वाचवून घेईल आणि त्याने 'का' या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या शब्दांत दिल्याखेरीज तो स्वीकारणार नाही. त्या चर्चेला तास-दीड तास तो स्वतः बसेल. आठवड्याच्या शेवटी हा वेळ टाइमशीटमध्ये भरताना त्याला रकाना निवडावा लागेल, आणि ग्राहकाच्या बिलात लागणाऱ्या रकान्यांमध्ये अशा वेळेसाठी रकाना नसतो.